परदेशात घुसून मारलं, मग पुढं काय?

जुना_बुधवार (धागाकर्ता)

आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो अधनंमधनं फिरत असतो. मोटरसायकलवर हेल्मेट घातलेले दोघं आणि खाली 'अज्ञात बंदूकधाऱ्यांना मानाचा मुजरा'. मार्च २०२२ मध्ये कराचीत झहूर मिस्त्री मारला गेला तेव्हा आला होता. हा १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणातला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियालकोट जिल्ह्यात शाहिद लतीफला मशिदीत गोळ्या घातल्या, तेव्हा परत आला. हा पठाणकोट हवाई तळावरच्या हल्ल्यातला आरोपी. ही माणसं गेल्याचं मला काडीचं दुःख नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे प्रतिसादांत माझी देशभक्ती मोजत बसायला नको.

हे केलं कुणी? पाकिस्तान आपल्याकडं बोट दाखवतं. ब्रिटनच्या 'गार्डियन'नं एप्रिल २०२४ मध्ये तशी बातमी छापली, आपल्या परराष्ट्र खात्यानं ती खोटी आणि खोडसाळ म्हणून उडवून लावली. आणि लगेच निवडणुकीच्या धामधुमीत संरक्षणमंत्री बोलले, की दहशतवादी पाकिस्तानात पळाले तर तिथं घुसून मारू. म्हणजे सरकार म्हणतंय आम्ही केलं नाही, आणि टाळ्या मात्र सरकारलाच.

'मारावं का नको' एवढ्यावर मला थांबायचं नाही. एखाद्याला पकडणं शक्यच नाही, तो पुढचा कट शिजवतोय अशी पक्की खबर आहे, आणि तो बसलाय तो देश त्याला हात लावत नाही. अशा वेळी सरकारनं गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. चुकीचा माणूस मेला तर ते कुणाला कळणार, आणि कोण सांगणार?

नॉर्वेतलं लिलेहामर घ्या. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकात इस्रायली संघातले ११ जण मारले गेले. त्यानंतर इस्रायलनं त्यामागच्या लोकांना युरोपभर हुडकून मारायला सुरुवात केली. त्यांना सगळ्यांत जास्त हवा होता अली हसन सलामे. २१ जुलै १९७३ ला संध्याकाळी लिलेहामरमध्ये एक माणूस बायकोबरोबर सिनेमा बघून बसनं घरी निघाला होता. बायको गरोदर. बसमधून उतरून चालायला लागले तोवर एक गाडी आली, दोघं उतरले आणि त्याला बायकोदेखत गोळ्या घालून निघून गेले. तो होता अहमद बुशिकी, मोरोक्कोचा, गावातल्या हॉटेलात वेटर. सलामेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

आता हे जगाला कळलं कसं? इस्रायलनं सांगितलं म्हणून नव्हे. भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या नंबरावरून नॉर्वेच्या पोलिसांनी माग काढला, सहा जण पकडले, पाच जणांना शिक्षा झाली. ती पण दोन वर्षांच्या आत सुटली. इस्रायलनं बुशिकीच्या घरच्यांना भरपाई दिली १९९६ मध्ये, आणि जबाबदारी मान्य न करता दिली. पोटातलं पोर बावीस वर्षांचं झाल्यावर. नॉर्वेचे पोलीस जरा ढिले असते तर आज बुशिकी कुठल्यातरी यादीत 'मारलेला दहशतवादी' म्हणून राहिला असता.

तेव्हा लोकहो, मारायचंच असेल तर मारल्यावर तपासणार कोण? इकडं बोला.

तांबडा_रस्सा

भावा, एवढा विचार त्यांनी केला होता काय २६/११ ला? १६६ माणसं गेली. पहलगाममध्ये २६. नाव विचारून मारलंय. आणि आपण इथं बसून वेटरची चौकशी. महाराजांनी अफझलखानाचा कोथळा काढला तेव्हा आधी समिती नेमली होती काय?

पंचगंगाकाठ

@तांबडा_रस्सा, येणार येणार म्हणत होतो, आलाच अफझलखान! लेका, खान फौज घेऊन स्वराज्यात उतरला होता. ते युद्ध होतं, आपल्याच मुलखात. महाराज स्वतः समोर गेले. 'तो मी नव्हेच' म्हणाले नाहीत, आणि खानाची कबर प्रतापगडाखाली आजही आहे. धागाकर्ता विचारतोय ते नेमकं उलटं आहे. करायचं आणि नाही म्हणायचं.

तांबडा_रस्सा

नाही म्हणायचंच असतंय रे. हो म्हटलं तर उद्या युनोत उभं करतील. डोकं वापर की जरा.

कोर्टाचीपायरी

इथं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून हातात वेळ म्हणून राहिलेला नाही, पण हा धागा सोडवेना.

आपल्या देशात पोलीस चकमकीत एखादा गुंड मेला तर काय करायचं, हे सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवून दिलंय. खटला आपल्याच राज्याचा, पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र. एफआयआर नोंदवायची, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी, मानवी हक्क आयोगाला कळवायचं, आणि संशय मिटेपर्यंत त्या पोलिसांना शौर्यपदक किंवा पदोन्नती द्यायची नाही. हे किती पाळलं जातं तो वेगळा धागा होईल (तो मी काढणार नाही, मला याच गावात वकिली करायची आहे). पण नियम आहे. म्हणजे मुंबईत खंडणीखोराला मारलं तर कागद होतो, आणि दुसऱ्या देशात माणूस मारला तर काहीच नाही. जास्त अवघड, जास्त धोक्याचं, चूक व्हायची जास्त शक्यता असलेलं काम, आणि तपासणी शून्य.

इस्रायलच्या सुप्रीम कोर्टापुढंही हा प्रश्न गेला होता. डिसेंबर २००६ चा निकाल, नुकतेच निवृत्त झालेले सरन्यायाधीश आहारोन बराक यांचा. ते म्हणाले, सरसकट बेकायदा नाही आणि सरसकट कायदेशीरही नाही, दर वेळी तपासायचं. माहिती भक्कम हवी, आणि ते दाखवायची जबाबदारी लष्कराची. पकडणं शक्य असेल तर मारायचं नाही. आजूबाजूच्या निरपराधांची हानी प्रमाणाबाहेर होता कामा नये. आणि कारवाईनंतर स्वतंत्र चौकशी. तिथं तरी हे पाळलं जातं का, यावर तिथलेच लोक भांडतात. पण ज्या देशाचं नाव घेऊन आपल्याकडं टेबल बडवतात, त्या देशाच्या कोर्टानं चौकशी मागितली आहे, हे टेबल बडवणाऱ्यांना ठाऊक नसतं.

इचलकरंजीकर

ताई, तुमचे मुद्दे मान्य, पण सगळे मुद्दे माणूस हाताला लागतो असं धरून आहेत. लख्वी बघा. २६/११ चा कट रचणारा. पाकिस्तानात खटला चालला म्हणे. डिसेंबर २०१४ ला जामीन, एप्रिल २०१५ ला बाहेर. मसूद अझहर बघा. १९९९ ला आपण स्वतः कंदाहारला नेऊन सोडला, २००० ला त्यानं जैश काढली, मे २०१९ मध्ये युनोनं त्याला दहशतवाद्यांच्या यादीत घातला. यादीत घालायलाच दहा वर्षं लागली, कारण चीन आडवा पडत होता. पुरावा देऊन झाला, अर्ज विनंत्या झाल्या. मग राहिलं काय?

आणि अमेरिकेला कोण विचारतंय? लादेन २ मे २०११ ला अबोटाबादमध्ये. जवाहिरी ३१ जुलै २०२२ ला काबूलमध्ये, घराच्या बाल्कनीत उभा असताना. बायडेननी टीव्हीवर येऊन सांगितलं आणि म्हणाले, दुसरं कुणी मेलं नाही. जगानं मान डोलावली. हेच आपण केलं की नीतिमत्ता आठवते.

जुना_बुधवार

@इचलकरंजीकर, जवाहिरीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. राष्ट्राध्यक्ष कॅमेऱ्यासमोर आले, 'आदेश मी दिला' म्हणाले. चुकला असता तर नाव ठेवायला एक माणूस होता.

चुकलं तेव्हाचं पण बघा. त्याच काबूलमध्ये, २९ ऑगस्ट २०२१. अमेरिकेच्या ड्रोननं एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा जवळजवळ दिवसभर पाठलाग केला. गाडीत कॅन भरले जात होते, ते वरून स्फोटकं वाटले. ते पाण्याचे कॅन होते. गाडीवाला जमेरी अहमदी, एका अमेरिकी मदतसंस्थेत कामाला. तो घरी पोचला तशी पोरं गाडीकडं पळाली. दहा जण मेले, त्यात सात मुलं. लष्करानं आधी सांगितलं, आत्मघाती हल्ला हाणून पाडला. पत्रकारांनी कॅमेऱ्याचं चित्रण मिळवून दिवसाचा सगळा क्रम लावला, तेव्हा तीन आठवड्यांनी पेंटॅगॉननं चूक कबूल केली. डिसेंबरमध्ये ठरलं, कुणालाही शिक्षा नाही.

हे कुणाच्या हातून झालं? ज्यांच्याकडं आठ-आठ तास वरून बघत राहायची यंत्रणा आहे त्यांच्या. मोटरसायकलवरच्या भाडोत्री पोराच्या हातात काय असतं? एक फोटो.

तांबडा_रस्सा

युद्धात होतंय असं.

माजी_हवालदार

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, सैनिक टाकळी शेजारीच. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, कुपवाड्याकडं बरीच वर्षं काढली. वरची मोठी धोरणं मला कळत नाहीत, मी खालची गोष्ट सांगतो.

रात्री दबा धरून बसलो आणि फायर झालं, तर सकाळी पहिलं काम मोजणीचं. प्रत्येकानं किती राउंड झाडले, रिकामी काडतुसं किती सापडली, किती नाही. बर्फात हात घालून ती शोधायची. फायरचा हुकूम कुणी दिला, किती वाजता, समोर काय दिसलं. सुभेदारसाहेब विचारायचे, वर कर्नलसाहेब विचारायचे. माणूस मेला असेल तर त्याचा मुडदा, हत्यार, खिशातले कागद, सगळं पोलिसांच्या ताब्यात. कंटाळा यायचा, शिव्या पण घालायचो. पण त्या मोजणीमुळं पोरं सरळ राहायची. उगाच बोट चालवलं तर सकाळी काय सांगणार, ही भीती.

माछिलला २०१० मध्ये तीन साधी माणसं नियंत्रण रेषेवर नेऊन मारली आणि अतिरेकी म्हणून दाखवली. ते पण आमच्याच वर्दीतले. बक्षीस आणि बढतीच्या नादानं. लष्करी कोर्टानं दोषींना जन्मठेप दिली, पुढं २०१७ ला लष्करी न्यायाधिकरणानं ती स्थगित करून जामीन दिला, तो भाग राहू दे. पण मोजणी असताना हे होतंय, तर जिथं मोजणीच नाही तिथं काय होईल, तुम्हीच ठरवा.

तांबडा भावा, युद्धात होतंय असं म्हणतोस. होतंय. पण ते म्हणायला तिथं जाऊन आलेला माणूस लागतो.

तांबडा_रस्सा

मेजर, तुमच्यापुढं बोलत नाही. सॉरी.

कॅनडात_कोल्हापूर

मी मंगळवार पेठेतला, सध्या टोरंटोजवळ. खलिस्तानवादी निज्जरच्या प्रकरणावर इथून लिहितोय, जरा सांभाळून.

१८ जून २०२३ ला सरे गावात गुरुद्वाऱ्याच्या पार्किंगमध्ये त्याला मारलं. भारतानं त्याला आधीच दहशतवादी जाहीर केलं होतं. सप्टेंबरमध्ये ट्रूडो संसदेत उभे राहून म्हणाले, भारत सरकारच्या हस्तकांचा संबंध असल्याचे विश्वासार्ह आरोप आहेत. भारत म्हणाला, हास्यास्पद. काही दिवसांत कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा बंद. माझी आई तेव्हा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या पुढच्या एका खाजगी दवाखान्यात, आणि माझ्या पोराकडं कॅनडाचा पासपोर्ट. मी एकटा गेलो. आज्जी नातवाला व्हिडिओ कॉलवर विचारत होती, 'बाळा तू का नाही आलास?' मी काय सांगू तिला?

कोर्टात अजून काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळं केलं कुणी यावर मी बोलणार नाही. पण नुसत्या संशयाचा खर्च बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी हाकलले. पाकिस्तानात मारणं आणि मित्रदेशाच्या रस्त्यावर मारणं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालताच येत नाहीत. कॅनडात पोलीस आहेत, कोर्ट आहे. ढिलं असेल, खलिस्तान्यांना मतांसाठी पाठीशी घालत असतील (घालतातच, मी रोज बघतो), पण कोर्ट आहे.

इचलकरंजीकर

कोर्ट आहे ना? मग १९८५ चं कनिष्क विमान? ३२९ माणसं समुद्रात गेली. वीस वर्षांनी, २००५ मध्ये दोघं निर्दोष सुटले, एकाला काय ती शिक्षा. ही तुमची कॅनडाची कोर्टं.

कॅनडात_कोल्हापूर

त्याला उत्तर नाही माझ्याकडं. तो राग इथल्या भारतीयांतही आहे.

शेंडापार्क_डॉक्टर

सगळे 'मेलेला माणूस' या अंगानं बोलताय, मी जरा वेगळ्या बाजूनं लिहिते. मी सरकारी लसीकरणात काम केलंय, पोलिओच्या रविवारी वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोड कामगारांच्या खोपटांवर पेटी घेऊन फिरलेय. आई पोराला पदराखाली घेते आणि विचारते, 'ह्यानं काय होईल?' तिथं आपल्याकडं विश्वासाशिवाय दुसरं काही नसतं. पोराच्या करंगळीवर शाई लावली की पुढच्या खोपटाकडं.

लादेनच्या घरात कोण राहतंय याची खात्री करायला सीआयएनं अबोटाबादमध्ये काविळीच्या लसीची खोटी मोहीम काढली होती. डॉक्टर शकील आफ्रिदी. त्या घरातल्या मुलांच्या रक्ताचा नमुना मिळवायचा डाव होता. हे बाहेर फुटलं आणि पाकिस्तानच्या सीमाभागात लसवाले म्हणजे हेर, हे पक्कं झालं. २०१२ मध्ये तालिबाननं वझिरिस्तानात पोलिओच्या लसीवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये कराची आणि पेशावरकडं लस देणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या. पुढं मे २०१४ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की सीआयए यापुढं लसीकरणाचा असा वापर करणार नाही. पोलिओ अजून पाकिस्तानात आणि अफगाणिस्तानात आहे. सगळा दोष त्या एका मोहिमेचा नाही, तिथं आधीही अफवा होत्या. पण अफवेला खरा पुरावा अमेरिकेनं दिला.

लादेन मेला याचा मला आनंदच झाला होता. पण त्या लसवाल्या बायकांचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा?

पंचगंगाकाठ

डॉक्टरबाई, प्रतिसाद आवडला. हा कोन माहीत नव्हता.

एक मनातलं बोलू का? १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी आपल्याच गावात फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड पानसरे आणि उमाताईंवर मोटरसायकलवरून येऊन गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. ज्या गावानं हे बघितलंय, त्या गावच्या ग्रुपवर मोटरसायकलवाल्या अज्ञातांना मुजरा? मला तो फोटो बघवत नाही.

इचलकरंजीकर

ही तुलना मला अजिबात मान्य नाही. पानसरे पुस्तकं लिहीत होते, सभा घेत होते. लतीफ माणसं मारायला पाठवत होता. आणि पानसरेंना सरकारनं मारलं नव्हतं. भावना समजते, पण इथं ते ओढू नका.

पंचगंगाकाठ

तुलना माणसांची नाही केली. मुजऱ्याची केली.

संपादक मंडळ

पानसरे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्यावर स्वतंत्र धागा आहे, तिकडं बोला. इथले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कोर्टाचीपायरी

इचलकरंजीकरांच्या 'मग राहिलं काय' याला माझं उत्तर लांबलंय.

कसाब. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर त्याची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, पण धरून ठेवली. म्हणून तो जिवंत सापडला. तो जिवंत होता म्हणून फरीदकोटचं घर, कराचीतलं प्रशिक्षण, होडी, फोनवरून हुकूम देणारे, हे सगळं कोर्टात नोंदलं गेलं. दहाच्या दहा मेले असते तर पाकिस्तान आजही 'आमचे नव्हेतच' म्हणत बसला असता. मे २०१० ला फाशी सुनावली, ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २१ नोव्हेंबरला येरवड्यात अंमल. त्याला सरकारी खर्चानं वकील दिला म्हणून तेव्हा किती लोक चिडले होते, आठवतं? त्याच खटल्यानं पाकिस्तानचं तोंड जगापुढं बंद केलं.

अबू सालेम २००५ मध्ये पोर्तुगालहून आणला. फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही, अशी लेखी हमी देऊन. ९३ च्या स्फोटात घरची माणसं गेलेल्यांना ती हमी बोचते, साहजिक आहे. पण आणला. अबू जुंदाल, २६/११ मधला आरोपी, आपल्या बीडचाच, २०१२ मध्ये सौदीतून. तहव्वूर राणा, तोही २६/११ मधला, एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून, सोळा वर्षं चिकाटी धरून. मेलेला माणूस साक्ष देत नाही. ज्याला मारता तो पुढच्या दहा जणांची नावं घेऊन जातो.

पाकिस्तानात बसलेल्यांना हे लागू नाही, मान्य. पण म्हणून 'दुसरा मार्गच नव्हता' हे ज्यांनी मारलं त्यांनीच ठरवायचं आणि आपण मान डोलवायची, हे मला वकील म्हणून पचत नाही.

जुना_बुधवार

वकीलबाई, नेमकं. अमेरिकेतल्या खलिस्तानवादी पन्नूच्या प्रकरणात बघा. न्यूयॉर्कमध्ये त्याला मारायचा कट झाला म्हणून तिथं नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोप ठेवले. यावेळी आपलं सरकार हास्यास्पद म्हणालं नाही, उच्चस्तरीय समिती नेमली. जानेवारी २०२५ मध्ये गृहखात्यानं सांगितलं, एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाईची शिफारस आहे. नाव नाही, काय केलं ते नाही, त्याला सांगितलं कुणी ते तर नाहीच. म्हणजे समोर अमेरिका असली की चौकशी होते. मग चौकशी अशक्य आहे हे म्हणणं तरी सोडून द्या.

इचलकरंजीकर

बरं, तुमचं मान्य करून पुढं विचारतो. तपासणार कोण? रॉ १९६८ पासून आहे, पण संसदेनं केलेला त्यासाठीचा कायदाच नाही. २०११ मध्ये मनीष तिवारींनी गुप्तचर संस्थांवर देखरेखीचं खाजगी विधेयक आणलं होतं, ते तसंच विरलं. अमेरिकेत गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेटर चर्च यांच्या समितीनंतर तिथल्या संसदेच्या गुप्तचर समित्या आल्या, तरी ड्रोन थांबले काय? आणि आपले खासदार! बंद खोलीत सांगितलेलं संध्याकाळी चॅनेलवर. आपलीच माणसं तिकडं मरतील.

माजी_हवालदार

ह्याची भीती खरी आहे. तिकडं गेलेल्या पोराचं नाव फुटलं तर त्याला वाचवायला कुणी जात नाही. कुलभूषण जाधव तर आपल्या सांगलीचे. २०१६ पासून तिकडं तुरुंगात आहेत.

कोर्टाचीपायरी

मेजर, म्हणूनच मी खासदारांची समिती मागत नाही. सुप्रीम कोर्टाचा एक निवृत्त न्यायाधीश, बंद दाराआड, फाईल बघायचा अधिकार. कारवाईच्या आधी नको, नंतर. चुकीचा माणूस मेला असेल तर तसं लिहायचं, भरपाई द्यायची, आणि ज्यानं कच्च्या खबरीवर सही केली त्याला त्या खुर्चीवरून उठवायचं. नावं बाहेर यायची गरज नाही.

इचलकरंजीकर

निवृत्त न्यायाधीश चालेल. नेमणार कोण? सरकारच ना?

कोर्टाचीपायरी

पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश मिळून. लोकपाल निवडायला साधारण हीच माणसं आहेत.

तांबडा_रस्सा

लोकपाल! ताई, कायदा २०१३ चा आणि पहिला लोकपाल बसला २०१९ ला. तोवर तुमचा वेटर म्हातारा होऊन मेला असता.

कोर्टाचीपायरी

हे मात्र बरोबर बोललास.